किशोरवयीनांच्या आरोग्यदायी सवयी आणि मोबाइल अ‍ॅप

नियमित व्यायाम, समतोल आहार, पुरेशी झोप, तंबाखू व अन्य व्यसनांपासून दूर राहणे यांसारख्या सवयी किशोरवयीन मुलामुलींमध्ये रुजाव्यात, या हेतूने स्मार्टफोनवरील अ‍ॅपचा जो वापर केला जातो, तो मोबाइल आरोग्य या क्षेत्राचा एक भाग मानला जातो. पावले मोजणारी, आहाराची नोंद ठेवणारी, झोपेच्या वेळेचे भान देणारी, मासिक पाळीची दिनदर्शिका सांभाळणारी तसेच दीर्घकालीन आजारात औषधोपचाराचे वेळापत्रक पाळण्यास मदत करणारी अ‍ॅप यात मोडतात. खाजगी कंपन्या, विद्यापीठे, रुग्णालये आणि शासकीय आरोग्य कार्यक्रम यांनी अशी अ‍ॅप विकसित केली आहेत.

या अ‍ॅपच्या परिणामकारकतेविषयी झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. वागणुकीत बदल सुरू करण्यास अ‍ॅपची मदत होते, असे अनेक अभ्यासांत दिसले. मात्र तो बदल दीर्घकाळ टिकल्याचे पुरावे मोजके आहेत. वजन कमी करण्यावरील अवास्तव भर, अल्पवयीनांच्या माहितीची गोपनीयता आणि फोनची असमान उपलब्धता हे या क्षेत्रातील प्रमुख वादविषय आहेत.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा वयोगट किशोरावस्था मानते. या वयात स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची सुरुवात होते आणि खाण्यापिण्याच्या, खेळण्याच्या व झोपण्याच्या अनेक सवयी याच काळात घडून पुढे प्रौढपणातही कायम राहतात. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा वयोगट महत्त्वाचा ठरतो.

संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल करणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात, १४६ देशांतील माहितीच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात २०१६ साली शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८१ टक्के मुलेमुली ही पातळी गाठत नसल्याचे आढळले. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे ८५ टक्के, तर मुलांमध्ये सुमारे ७८ टक्के होते. झोपेबाबत अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षे वयासाठी रोज ८ ते १० तासांची शिफारस केली. वयात येताना शरीराचे अंतर्गत घड्याळ पुढे सरकते व झोप उशिरा येऊ लागते, तर शाळेची वेळ मात्र सकाळचीच राहते. परिणामी या वयोगटात झोपेची तूट सर्रास आढळते.

सवय लावण्यासाठी मोजमापाचा आधार घेण्याची कल्पना स्मार्टफोनपेक्षा जुनी आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजणारे उपकरण बाजारात आले. या नावाचा अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. आज असंख्य अ‍ॅपमध्ये दिसणारे रोजच्या दहा हजार पावलांचे उद्दिष्ट हे मुळात या उत्पादनाच्या नावातून आलेले आहे. ते वैद्यकीय संशोधनातून निश्चित झालेले नव्हते. पुढे स्मार्टफोनमध्ये हालचाल टिपणारे संवेदक बसवले गेले आणि वेगळ्या उपकरणाची गरज संपली.

कार्यपद्धती

बहुतेक अ‍ॅप दोन मार्गांनी माहिती गोळा करतात. फोनमधील त्वरणमापक हालचालीचा वेग व दिशा यांतील बदल टिपतो आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधला जातो. आहार, मनःस्थिती किंवा पाण्याचे प्रमाण यांची नोंद मात्र वापरकर्त्यास स्वतः करावी लागते. पहिल्या प्रकारात श्रम नसतात, पण फोन दप्तरात किंवा घरी राहिला की नोंद तुटते. मैदानी खेळात ही अडचण विशेष जाणवते, कारण कबड्डी, खो-खो किंवा पोहणे यांसारख्या अधिक श्रमाच्या वेळीच फोन खेळाडूजवळ नसतो. दुसऱ्या प्रकारात रोजच्या नोंदीचा कंटाळा हे अ‍ॅप सोडून देण्याचे एक प्रमुख कारण ठरते.

वर्तनबदलाच्या पद्धतींचे शास्त्रीय वर्गीकरणही झाले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग यांनी २००९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार प्रेरणा, क्षमता आणि योग्य क्षणी मिळणारी सूचना हे तीन घटक एकत्र आल्यास कृती घडते. सुसान मिची व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वर्तनबदलाच्या ९३ तंत्रांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी उद्दिष्ट ठरवणे, स्वतःच्या वागणुकीची नोंद ठेवणे, प्रगतीचा अहवाल, आठवण, बक्षीस आणि इतरांशी तुलना ही तंत्रे अ‍ॅपमध्ये वारंवार आढळतात. गुण, पदके, क्रमवारी व सलग दिवसांची साखळी अशा खेळातील घटकांचा वापर करण्यास ‘खेळीकरण’ असे म्हटले जाते.

सवय कशी जडते, याविषयी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो. ९६ जणांच्या या अभ्यासात एखादी नवी कृती अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यक कालावधी ६६ दिवसांचा होता; व्यक्तीगणिक हा कालावधी १८ ते २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत विशेष खंड पडत नाही, असेही त्यात दिसले. अनेक अ‍ॅपमधील सलग दिवसांची साखळी मात्र एक दिवस चुकताच शून्यावर येते. परीक्षा, आजारपण किंवा सणवार यांमुळे खंड पडलेल्या विद्यार्थ्यास आपले सारे श्रम वाया गेल्याची भावना येऊन तो अ‍ॅपसोबत ती सवयही सोडून देण्याची शक्यता असते.

सूचनांबाबतही असाच पेच आहे. सवय ही एरवी एखाद्या ठरावीक प्रसंगाशी जोडली जाते, उदाहरणार्थ, जेवणानंतर दात घासणे किंवा शाळेतून आल्यावर खेळायला जाणे. याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अ‍ॅपकडून येणाऱ्या आठवणींमुळे कृतीची पुनरावृत्ती वाढते. परंतु कृती आपोआप घडू लागण्यास त्या अडथळा ठरतात. कृतीचा धागा प्रसंगाऐवजी फोनच्या सूचनेशी बांधला गेल्यास, सूचना बंद होताच कृतीही थांबू शकते.

उपयोगाची क्षेत्रे

शारीरिक हालचाल

जुलै २०१६ मध्ये नायँटिक या कंपनीने आणलेल्या ‘पोकेमॉन गो’ या खेळात काल्पनिक प्राणी पकडण्यासाठी प्रत्यक्ष रस्त्यावर फिरावे लागते. आरोग्यासाठी तयार केलेला नसतानाही या खेळाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. अमेरिकेतील १८ ते ३५ वयोगटाच्या एका अभ्यासात, खेळ सुरू केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात खेळाडूंची पावले रोज सरासरी ९५५ ने वाढल्याचे दिसले. ही वाढ नंतर हळूहळू ओसरली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत चालणे पूर्वपदावर आले. अभ्यास तरुण प्रौढांचा असला, तरी नावीन्याचा प्रभाव किती लवकर विरतो याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे १४ ते १७ वर्षांच्या ५१ जणांवर केलेल्या एका चाचणीत काहींना कथानक असलेले ‘झोंबीज, रन!’ हे, तर काहींना साधे प्रशिक्षण देणारे ‘गेट रनिंग’ हे अ‍ॅप देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर एक मैल अंतर पार करण्याच्या वेळेत हे दोन्ही गट आणि अ‍ॅप न दिलेला गट यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आहार

आहारविषयक अ‍ॅपमध्ये उष्मांक मोजणारी आणि अन्नाचे ढोबळ वर्गीकरण करणारी असे दोन प्रकार दिसतात. उष्मांक मोजण्याची पद्धत पाकीटबंद पदार्थांसाठी सोपी असते. घरच्या जेवणात भाकरीचा आकार, आमटीचा दाटपणा आणि फोडणीतील तेल घरोघरी वेगळे असल्याने ही नोंद अंदाजे राहते. वर्गीकरणाच्या पद्धतीत १९७० च्या दशकात लेनर्ड एपस्टीन यांनी मुलांच्या स्थूलतेवरील उपचारासाठी विकसित केलेली वाहतूक-दिव्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. तीत पदार्थांची हिरवा, पिवळा व लाल अशी विभागणी केली जाते.

हीच पद्धत वापरणारे ‘कुर्बो’ हे अ‍ॅप, पूर्वी वेट वॉचर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यू या कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये ८ ते १७ वयोगटासाठी सादर केले. वजन घटवलेल्या मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे त्याच्या प्रसिद्धीत वापरण्यात आली. आहारविकारांवर उपचार करणाऱ्या अनेक तज्ज्ञांनी त्यास तीव्र विरोध केला. वाढीच्या वयात अन्नाला ‘चांगले’ व ‘वाईट’ ठरवल्याने खाण्याविषयी अपराधीपणा निर्माण होतो, असा त्यांचा आक्षेप होता. आपली पद्धत बालरोगविषयक संशोधनावर आधारलेली आहे, अशी भूमिका कंपनीने घेतली.

झोप

झोपेची नोंद ठेवणारी बहुसंख्य अ‍ॅप अंथरुणातील हालचाल किंवा आवाज यांवरून झोपेचा अंदाज बांधतात. झोपेच्या वैद्यकीय तपासणीत मेंदूतील विद्युत क्रियाही नोंदवली जाते. त्यामुळे हलकी व गाढ झोप यांविषयी अशा अ‍ॅपने दिलेले आकडे निदान म्हणून घेतले जात नाहीत. ‘परिपूर्ण झोपे’च्या आकड्यांचा ध्यास लागून झोपेचीच चिंता वाढण्यास २०१७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव सुचवले. याशिवाय, झोप सुधारण्यासाठी फोन उशाशी ठेवावा लागतो, हा या प्रकारातील अंगभूत विरोधाभास आहे.

व्यसनमुक्ती

अमेरिकेतील ट्रुथ इनिशिएटिव्ह या संस्थेचा ‘धिस इज क्विटिंग’ हा ई-सिगारेट सोडण्यासाठीचा उपक्रम अ‍ॅपऐवजी साध्या लघुसंदेशांवर चालतो. १३ ते १७ वर्षांच्या १,५०३ जणांवरील त्याच्या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सात महिन्यांनंतर संदेश मिळणाऱ्या गटातील ३७.८ टक्के, तर तुलनेच्या गटातील २८ टक्के मुलांनी ई-सिगारेट सोडल्याचे सांगितले. महागडा फोन किंवा सततचे इंटरनेट न लागणारे साधनही परिणामकारक ठरू शकते, हे या उदाहरणातून दिसते.

दीर्घकालीन आजार

कॅनडातील टोरांटो येथील बाल रुग्णालयात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या किशोरवयीनांसाठी ‘बँट’ हे अ‍ॅप तयार करण्यात आले. रक्तातील साखर नियमित तपासल्यास बक्षीस मिळण्याची सोय त्यात होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २० जणांच्या प्राथमिक अभ्यासात १२ आठवड्यांत तपासणीची दैनंदिन सरासरी २.४ वरून ३.६ पर्यंत वाढली. त्यानंतरच्या ९२ जणांच्या वर्षभराच्या चाचणीत मात्र साखरेच्या दीर्घकालीन नियंत्रणात अ‍ॅप वापरणाऱ्या गटास एकंदरीत लक्षणीय लाभ झाल्याचे आढळले नाही. लहान व अल्पकालीन अभ्यासांवरून निष्कर्ष काढण्यातील धोका या दोन अभ्यासांच्या तुलनेतून स्पष्ट होतो.

शाळांमधील चाचण्या

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यातील अल्प उत्पन्न असलेल्या भागांतील १४ माध्यमिक शाळांमध्ये ‘अ‍ॅटलस’ हा प्रयोग करण्यात आला. १२ ते १४ वर्षांच्या ३६१ मुलांचा त्यात समावेश होता. अ‍ॅपच्या जोडीला शिक्षकांचे प्रशिक्षण, शाळेतील व्यायामसत्रे आणि पालकांना माहिती अशी वीस आठवड्यांची आखणी होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या शरीरवस्तुमान निर्देशांकात किंवा एकूण हालचालीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र पडद्यासमोरचा वेळ आणि साखरयुक्त पेयांचे सेवन कमी झाले, तर स्नायूंची क्षमता व व्यायामाचे कौशल्य वाढले.

याच देशातील ‘हेल्थ-४-लाइफ’ या प्रयोगात ७१ शाळांतील ६,६०० हून अधिक विद्यार्थी सहभागी झाले. मद्य, धूम्रपान, पडद्यासमोरचा वेळ, हालचाल, गोड पेये व झोप या सहा बाबींवरील ऑनलाइन धडे आणि सोबतीला अ‍ॅप असे त्याचे स्वरूप होते. दोन वर्षांनंतर नेहमीच्या आरोग्य शिक्षणाच्या तुलनेत त्याचा अधिक परिणाम झाल्याचे दिसले नाही.

अ‍ॅपद्वारे आहार, हालचाल व बैठेपणा यांत बदल घडवण्याच्या २७ अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला. त्यांपैकी केवळ चार अभ्यास मुलांविषयीचे होते आणि त्यांतील दोनांत लक्षणीय सुधारणा आढळली. केवळ अ‍ॅप देण्यापेक्षा इतर उपायांच्या जोडीने दिलेले अ‍ॅप अधिक परिणामकारक असल्याचे मत या आढाव्यात नोंदवले आहे.

भारतातील स्थिती

केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, असंसर्गजन्य आजार, व्यसने आणि हिंसा व अपघात हे त्याचे सहा विषय आहेत. या कार्यक्रमात गावातील प्रशिक्षित समवयस्क मार्गदर्शकास ‘साथिया’ म्हणतात. २०१७ मध्ये त्यास पूरक असे ‘साथिया सलाह’ हे अ‍ॅप सादर झाले. ज्या मुलामुलींना मार्गदर्शकाशी प्रत्यक्ष बोलण्याचा संकोच वाटतो, त्यांना माहिती मिळावी हा त्यामागील हेतू होता. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठीची सल्ला केंद्रे ‘मैत्री’ या नावाने चालवली जातात. शालेय वयातील मुलांच्या तंदुरुस्तीची चाचणी नोंदवणारे ‘खेलो इंडिया’ अ‍ॅप २०१९ मध्ये, तर ‘फिट इंडिया’ अ‍ॅप २९ ऑगस्ट २०२१ रोजी राष्ट्रीय क्रीडा दिनी सादर करण्यात आले.

भारतातील गरजा पाश्चात्त्य देशांहून भिन्न आहेत. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के किशोरवयीन वयाच्या मानाने कृश होते, तर वजन जास्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. वजन घटवणे हेच यश मानणारे अ‍ॅप अशा बहुसंख्य मुलामुलींच्या उपयोगाचे नसते. काहींना ते अपायकारकही ठरू शकते.

फोनची उपलब्धता हा दुसरा प्रश्न आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर २०२३’ अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी करण्यात आली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. उरलेल्या मुली वडिलांचा, भावाचा किंवा घरातील सामाईक फोन वापरतात. अशा फोनवर मासिक पाळीची नोंद ठेवणे किंवा लैंगिक आरोग्याविषयी माहिती शोधणे खाजगी राहत नाही.

फोनपासून दूर राहणे हीच आरोग्यदायी सवय मानणारे उपक्रमही झाले आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मुलांनी या वेळेत अभ्यास व वाचन करावे, असा त्याचा उद्देश होता. येथे सवयीची सूचना फोनऐवजी साऱ्या गावाकडून एकाच वेळी मिळते, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य आहे.

गोपनीयता व कायदे

आरोग्यविषयक अ‍ॅपमध्ये वजन, मनःस्थिती, पाळी, ठावठिकाणा अशी अत्यंत खाजगी माहिती साठते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यासाठी पालकांची संमती लागते. याच कायद्याखाली मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘कुर्बो’ प्रकरणी तडजोड घडवून आणली. त्यानुसार १५ लाख डॉलर दंड आकारण्यात आला आणि आयोगाच्या मते बेकायदा गोळा केलेली माहिती व तिच्यावर आधारलेली गणनप्रणाली नष्ट करण्याचा आदेश देण्यात आला. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅपने वापरकर्त्यांची माहिती अन्य कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून आयोगाने २०२१ मध्ये त्या कंपनीशीही तडजोड केली. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील सर्व वापरकर्त्यांना लागू होणारी, अ‍ॅपच्या वयानुरूप रचनेविषयीची संहिता २०२० पासून अस्तित्वात आहे.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली जाते. बालकाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. तसेच बालकांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. आरोग्यसेवेसारख्या काही बाबींसाठी सवलतींची तरतूद आहे. वागणुकीची नोंद ठेवणे हेच ज्या अ‍ॅपचे काम आहे, त्यांच्याबाबत नोंद आणि पाळत यांतील सीमारेषा महत्त्वाची ठरते. सतरा वर्षांच्या मुलास तंबाखू सोडण्यासाठी गुपचूप मदत हवी असल्यास पालकांच्या संमतीची अट त्याच्या मार्गात येऊ शकते, अशीही दुसरी बाजू आहे.

टीका व मर्यादा

अशी अ‍ॅप आरोग्याची जबाबदारी एकट्या मुलावर टाकतात, अशी टीका केली जाते. शाळेला मैदान नसणे, रस्त्यावर मुलींना सुरक्षित वाटत नसणे, शाळेबाहेर केवळ तळलेले व गोड पदार्थ मिळणे किंवा शिकवणीमुळे खेळायला वेळ न उरणे या अडचणी अ‍ॅपमधील आठवणीने दूर होत नाहीत. क्रमवारी व तुलना यांमुळे आधीच चपळ असलेली मुले पुढे जातात. ज्यांच्यासाठी उपक्रम आखलेला असतो ती मागे पडून लवकर बाहेर पडतात, असाही आक्षेप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डिजिटल उपाययोजनांविषयीच्या शिफारशींत अशी साधने सक्षम आरोग्यव्यवस्थेला पर्याय ठरू शकत नाहीत, असे नमूद केले आहे.

मूल्यमापन

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात आरोग्यविषयक अ‍ॅपच्या मूल्यमापनासाठी २३ प्रश्नांची एक मापनश्रेणी विकसित करण्यात आली व ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. अ‍ॅपची गुंतवून ठेवण्याची क्षमता, कार्यक्षमता, दृश्यरचना आणि माहितीचा दर्जा या चार अंगांनी तीत गुण दिले जातात. किशोरवयीनांसाठीच्या अ‍ॅपचा विचार करताना याखेरीज पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात :

* उद्दिष्ट वजनाचे आहे की हालचाल, झोप, आहारातील वैविध्य अशा कृतीचे.
* एखादा दिवस चुकल्यास अ‍ॅप पुन्हा सुरुवात करण्यास मदत करते की आधीची प्रगती पुसून टाकते.
* नोंदवलेली माहिती कोणास दिसते आणि ती कायमची पुसता येते का.
* मजकूर वापरकर्त्याच्या भाषेत व त्याच्या घरच्या आहाराशी सुसंगत आहे का.
* गंभीर अडचणीच्या वेळी डॉक्टर, समुपदेशक किंवा मदतवाहिनीपर्यंत पोहोचण्याची सोय आहे का.
* अ‍ॅप काढून टाकल्यानंतरही सवय चालू राहावी, अशी त्याची रचना आहे का.

हे सुद्धा पहा

* सार्वजनिक आरोग्य
* किशोरावस्था
* राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम
* खेळीकरण
* माहितीची गोपनीयता